कॅसेटमधली झांज फोनवर पाण्यात बुडाल्यासारखी का वाजते?

कणकवलीजवळच्या एका गावातून एका शिक्षिकेने विचारलंय: "काका, माझे बाबा चाळीस वर्षं गावच्या भजन मंडळात पखवाज वाजवायचे. त्यांच्या ३८ कॅसेटी मी शहरातल्या एका दुकानातून डिजिटल करून आणल्या. त्यांनी पेनड्राइव्हवर ३२० केबीपीएसच्या एमपी३ फाईली दिल्या. बाबांकडे भावाचा जुना आयफोन आहे, ६४ जीबीचा, फोटोंनी भरलेला. जागा वाचावी म्हणून सिंक करताना आयट्यून्समध्ये गाणी १२८ मध्ये कन्व्हर्ट करायची खूण केली. बाबांनी भजनातला पहिलाच गजर लावला आणि म्हणाले, 'ही झांज पाण्यात बुडवून वाजयल्यासारखी कित्याक ऐकाक येता गो?' त्यांचं वय ७४. दोष कानाचा की फाईलचा? त्या फाईली परत ३२० केल्या तर सुधारतील का? आणि कायमचं जपून ठेवायला काय बरं?"

बाबांचा कान शाबूत आहे. दोष फाईलचा आहे, आणि त्यांनी तो इतक्या नेमक्या शब्दांत सांगितलाय की मी पंचवीस वर्षं कुडाळात रेकॉर्डिंग करतोय, मलाही याहून चांगलं वर्णन सुचलं नसतं. 'पाण्यात बुडालेली झांज' ही कमी बिटरेटची ओळखीची खूण आहे. बिटरेट म्हणजे एका सेकंदाच्या आवाजाला फाईल किती बिट देते तो आकडा; १२८ केबीपीएस म्हणजे सेकंदाला १२८ हजार बिट.

वयाचं म्हणशील तर ते खरं, वय वाढलं की वरच्या पट्टीतला आवाज आधी कमी होतो. तरुणपणी माणूस वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो असं पुस्तकात असतं, सत्तरीनंतर दहा-बारा हजारांच्या वर फारसं काही पोचत नाही. लोक कॉम्प्युटरवर आलेख काढून दाखवतात की बघा, १२८ ची फाईल सोळा हजारांच्या आसपास कापलेली आहे, म्हणून खराब वाजते. तुझ्या बाबांच्या बाबतीत ते कारणच नाही. सोळा हजारांवरचं त्यांना तसंही ऐकू येत नसणार, आणि घरच्या टू-इन-वनवर भरलेल्या साध्या कॅसेटमध्ये तिथे मुळात फारसं काही नसतंच. त्यांना खटकलं ते त्याच्या खूप खाली, चार ते दहा हजारांच्या पट्ट्यात, जिथे झांजेचा नाद रेंगाळतो. पखवाजवाला आयुष्यभर झांजेवर कान ठेवून लय धरतो. ती हलली की त्याला लगेच कळतं.

आता ती बुडाली कशी ते सांगतो, कारण ते समजलं की बाकीचे सगळे प्रश्न आपोआप सुटतात.

सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, डावा-उजवा मिळून दोन चॅनेल. तुझ्या आयट्यून्सने ज्या एएसी फाईली बनवल्या (एएसी म्हणजे एमपी३ सारखाच दाबून लहान केलेल्या आवाजाचा एक प्रकार), त्यात हा आवाज १०२४ नमुन्यांच्या तुकड्यांत घेतला जातो. म्हणजे एका सेकंदाचे साधारण ४३ तुकडे. अशा एका तुकड्यात मूळ माहिती असते ३२,७६८ बिट. १२८ केबीपीएसमध्ये त्याच तुकड्याच्या वाट्याला येतात जेमतेम तीन हजार. अकरातले दहा भाग टाकायचे आणि तरी ऐकणाऱ्याला कळू द्यायचं नाही, हे काम एन्कोडर, म्हणजे आवाज दाबून फाईल लहान करणारा प्रोग्राम, करतो, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा थक्क करणारं करतो. मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा बारीक आवाज तो सोडून देतो. पेटीचा सूर लागला की तो काही क्षण तसाच राहतो, त्यात नियमितपणा असतो, तो थोडक्या बिटांत मावतो.

झांजेचं तसं नाही. झांज आपटली की एका क्षणात सगळ्या पट्टीभर आवाज उसळतो, त्यात ठराविक सूर असा नसतोच. एन्कोडरला पकडायला काही सापडत नाही. तीन हजार बिटांत तो कुठला भाग ठेवावा, कुठला सोडावा हे दर तुकड्याला नव्याने ठरवतो, आणि सेकंदाला ४३ वेळा हा निर्णय बदलत राहिला की झांजेचा नाद सरळ विरायच्या ऐवजी हेलकावे खात विरतो. तोच पाण्याचा भास. गजरात लय चढली की झांज थांबतच नाही, टाळ्या सुरू होतात, कोरस वर जातो, आणि एन्कोडरची तारांबळ तिथे सगळ्यात जास्त होते. म्हणून बाबांना अभंगात नाही, गजरात खटकलं.

यात कॅसेटची स्वतःची एक भानगड आहे, आणि ती लोक उलटी समजतात. मला दर महिन्याला कोणीतरी सांगतं, "जुनं रेकॉर्डिंग आहे हो, कॅसेटच ती, १२८ पुरे." खरं तर कॅसेटला नव्या स्टुडिओतल्या गाण्यापेक्षा जास्त बिटरेट लागतो. कॅसेटची ती सततची 'स्स्स' आठव. ती शुद्ध गोंगाट आहे, तिच्यात कुठलाही नियमितपणा नाही, आणि दाबायला सगळ्यात कठीण गोष्ट तीच. एन्कोडरला काय माहीत की ही टेपची सरसर आहे आणि तो बुवांचा आवाज आहे? तो निम्मे बिट त्या सरसरीवर खर्च करून बसतो. स्वच्छ रेकॉर्डिंग १२८ मध्ये ठीक वाजेल, तीच गोष्ट टेपच्या सरसरीखाली असेल तर वाजणार नाही.

शिवाय तुझ्या फाईली दोनदा दाबल्या गेल्यात. दुकानाने एकदा एमपी३ केलं. आयट्यून्सने तो एमपी३ उघडला आणि पुन्हा एएसीत दाबला. पहिल्या वेळी जो कचरा तयार झाला तो दुसऱ्या एन्कोडरच्या दृष्टीने खरा आवाजच असतो, मग तो कचराही जपायला बिट जातात. दोघांच्या तुकड्यांच्या सीमा जुळत नाहीत, एकाने जिथे सावरलं तिथे दुसरा चुकतो. मूळ कॅसेटवरून थेट केलेली १२८ ची एएसी आणि तुझी ही फाईल, दोन्हींवर १२८ च लिहिलेलं दिसेल, पण त्या सारख्या नाहीत.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, १२८ ची फाईल परत ३२० करून काही मिळणार नाही. फाईल अडीचपट मोठी होईल, आणि तिसऱ्यांदा दाबल्याने आणखी किंचित बिघडेल. पण तुला ते करायची गरजही नाही. ती खूण केल्याने तुझ्या कॉम्प्युटरवरच्या मूळ फाईलींना धक्का लागलेला नाही. आयट्यून्स फक्त फोनवर जाणारी प्रत बदलतं. फोन जोडून त्याच्या समरीच्या पानावर जा, ती खूण काढ. मॅक असेल तर हेच फाईंडरमध्ये, फोनच्या जनरल पानावर सापडेल. मग फोनवरून बाबांची भजनं एकदा काढून टाक आणि पुन्हा सिंक कर, म्हणजे जुन्या प्रती मागे राहिल्यात का ही शंकाच उरणार नाही. आयफोन एमपी३ जशीच्या तशी वाजवतो, कन्व्हर्ट करायची काही जरूर नाही.

जागेचा हिशेब करून बघ. कॅसेट साठ मिनिटांची धरली तर तुझ्याकडे ३८ तास आहेत. १२८ मध्ये ते सव्वादोन जीबी होतात, ३२० मध्ये साडेपाच. वाचले किती, तर सव्वातीन जीबी. त्याच फोनवर कोणीतरी वीस मिनिटांचा ४के व्हिडिओ काढला तर तेवढी जागा जाते. बारशाचा एखादा व्हिडिओ कॉम्प्युटरवर हलव, भजनाला हात लावू नकोस.

खूण काढूनही पाणी राहिलं तर? त्यासाठी आधी एक कर. सिंक करण्यापूर्वी पेनड्राइव्हवरची मूळ एमपी३ कॉम्प्युटरवर वायरच्या हेडफोनने ऐक, बाबांना खटकला तोच गजर, तेच अर्धं मिनिट. ब्लूटूथने ऐकू नकोस, कारण ब्लूटूथ आवाज हवेतून पाठवताना पुन्हा एकदा दाबतं आणि मग दोष कुठला ते कळत नाही. झांज मोकळी वाजली तर प्रश्न मिटला. तिथेही ती बुडालेलीच असेल तर मात्र संशय दुकानावर घे. पुष्कळ ठिकाणी कॅसेट डिजिटल करताना सरसर घालवायचं फिल्टर सढळ हाताने लावतात, गिऱ्हाईकाला 'स्वच्छ' वाटावं म्हणून. ते फिल्टर सरसरीबरोबर झांजेचा अर्धा नाद ओढून नेतं आणि उरलेला अगदी तसाच पाण्यात बुडाल्यासारखा वाजतो. दोन ओळींच्या मधल्या शांततेत कान दे. कॅसेटची सरसर ऐकू येत असेल तर हायसं वाटू दे, कोणी हात लावलेला नाही. तिथे एकदम निपचित शांतता असेल आणि बुवांनी तोंड उघडताच सरसर उगवत असेल, तर फिल्टर लागलंय, आणि ते फाईलमधून काढता येत नाही.

दोन्हीपैकी काहीही निघो, दुकानात फोन करून विचार की मूळ वेव्ह फाईली त्यांच्याकडे आहेत का. फिल्टर न लावलेल्या, एमपी३ करण्यापूर्वीच्या. काम संपलं की दुकानं त्या काही दिवसांनी पुसतात, कारण एका तासाला सहाशे पस्तीस एमबी जागा जाते. त्यांच्यावर राग धरत नाही मी, कारण मी स्वतः हे केलंय. २००४ साली माझ्याकडे ४० जीबीची एकच डिस्क होती. वेंगुर्ल्याकडच्या एका जत्रेत रात्रभर दशावताराचं रेकॉर्डिंग केलं होतं, पहाटेच्या दहीकाल्यापर्यंतचं. पेटीवर एक म्हातारे बुवा होते, त्यांचा हात असा की राजाच्या प्रवेशाला पेटीच तलवार उपसतेय असं वाटावं. डिस्क भरली तेव्हा मी त्या रात्रीच्या १२८ च्या एमपी३ केल्या आणि वेव्ह पुसल्या. त्या वेळच्या माझ्या स्पीकरवर फरक कळला नव्हता. सहा वर्षांनी बुवा गेले आणि त्यांचा मुलगा आला, म्हणाला, बाराव्याला बाबांची पेटी लावायचीय. मी मोठ्या स्पीकरवर लावली. पेटी होती, पण पेटीमागची झांज आणि लोकांचा तो श्वास, सगळं एकमेकांत कालवलेलं. तो काही बोलला नाही, डोळे पुसले आणि सीडी घेऊन गेला. मला मात्र कळत होतं की मूळ काय होतं. त्यानंतर एकही मास्टर, म्हणजे न दाबलेली मूळ फाईल, मी पुसलेला नाही.

कायमचं ठेवायला लॉसलेस, म्हणजे ज्यात आवाजातलं काहीच टाकलं जात नाही असं. वेव्ह चालेल, पण त्यात नावंगावं नीट बसत नाहीत, त्यामुळे फ्लॅक बरं. फ्लॅक म्हणजे झिप केल्यासारखं, जागा कमी लागते, उघडलं की बिटन्‌बिट मूळ आवाज परत. त्याच्या पोटात मूळ आवाजाची एमडी५ छापही (बोटाच्या ठशासारखा एक आकडा) असते, म्हणून दहा वर्षांनी फाईल खराब झालीय का हे तपासता येतं. स्टुडिओच्या गाण्यात फ्लॅक निम्म्यावर येतं, कॅसेटला सरसरीमुळे तेवढं कमी होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर काहीतरी चुकलं असं वाटेल. अडचण एवढीच की आयट्यून्स फ्लॅक घेत नाही. अ‍ॅपलचं स्वतःचं लॉसलेस आहे, ते घेतं. फ्लॅकमधून अ‍ॅपल लॉसलेसमध्ये आणि परत, कितीही वेळा फिरवलं तरी काहीही हरवत नाही, त्यामुळे या दोघांत कुठलं असं मनाला लावून घेऊ नकोस. तुझा स्वतःचा फोन अँड्रॉइड असेल तर फ्लॅक थेट वाजेल, आणि केबलने कॉपी केलं तर मध्ये कोणी कन्व्हर्ट करत नाही. भावाला मुंबईला फाईल पाठवायची झाली तर व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठव.

मास्टर हातात आला की फोनसाठी त्यावरूनच प्रत बनव, एकदाच, २५६ च्या एएसीत. मी स्वतः फूबार नावाच्या प्लेअरमध्ये डोळे मिटून तुलना केलीय, कुठली मूळ आणि कुठली २५६ हे मला चांगल्या हेडफोनवरही सांगता आलेलं नाही, गजर लावूनसुद्धा. फोनवर लॉसलेस भरायचा हट्ट मी धरत नाही. फोनवरची प्रत वापरायची, खराब झाली तर मास्टरवरून पुन्हा करायची. पेनड्राइव्हवरच्या एमपी३ वर मात्र आता कसलीच प्रक्रिया नको, त्या आहेत तशाच वापर.

दुकानाने पुसल्या असतील तर कॅसेटी अजून तुझ्या घरी आहेत ना? मग सगळं संपलेलं नाही. अडतीसच्या अडतीस पुन्हा करू नकोस, बाबांना विचारून आठ-दहा निवड. काम दिवाळीनंतर काढ. पावसाळ्यात आपल्याकडे कॅसेटला बुरशी धरते, खिडकीतून बघितलं तर रिळाच्या कडेवर पांढरी भुकटी दिसते. तशी कॅसेट चालवलीस तर भुकटी डेकच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. उन्हात टाकू नकोस, टेप आखडते. बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून आठवडाभर ठेव, मग जाणकाराकडून रीळ साफ करून घे.

आणि ज्याच्याकडे देशील त्याला विचार की तो प्रत्येक कॅसेटला हेडचा तिरपेपणा जुळवतो का. हे इतकं महत्त्वाचं आहे की बाकी सगळं विसरलीस तरी चालेल. कॅसेट ज्या डेकवर भरली त्याच्या हेडचा कोन थोडा वेगळा असतो. दुसऱ्या डेकवर तीच कॅसेट गोधडीखालून वाजल्यासारखी मंद वाजते. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, कॅसेट चालू ठेवून तो केसभर फिरवायचा, आणि एका जागी झांज अचानक उघडते. ज्याने तो क्षण एकदा ऐकलाय तो पुन्हा कधी स्क्रू न फिरवता कॅसेट भरणार नाही. जे इथे मिळालं नाही ते पुढे कुठल्याही बिटरेटने मिळत नाही. गावच्या भजनाचं रेकॉर्डिंग बहुधा एकाच माईकचं, म्हणजे मोनोच असतं, तेव्हा दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनो करायचा मोह होतो. कोन जुळवलेला नसेल तर एकत्र करताना वरचा आवाज एकमेकांना मारतो. त्यापेक्षा दोघांतला स्वच्छ चॅनेल एकटा उचलावा. मोनो एएसीला १२८ पुरतात, कारण तेवढे बिट सगळे एकाच चॅनेलला मिळतात. मास्टर २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा घ्यायला सांग. ९६ किलोहर्ट्झचे पैसे कोणी मागितले तर देऊ नकोस, कॅसेटमध्ये तेवढं काही नाही.

बाबा कशावर ऐकतात ते तू लिहिलं नाहीस. पडवीत छोटा ब्लूटूथ स्पीकर ठेवला असेल तर त्यांना एकदा वायरचा हेडफोन लावून दे. त्या डब्यात झांज तशीही अर्धीच येते. फोनमधला इक्वलायझर बंद आहे ना तेही बघ. कॅसेटी कमीजास्त आवाजाच्या असतील तर फाईलीचा आवाज वाढवून नव्याने सेव्ह करू नकोस, आयफोनमध्ये साउंड चेक नावाची सोय आहे, ती फाईलला न छेडता वाजवताना आवाज सारखा करते.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, ऑनलाईन ऐका की. कोकण रेल्वेने रत्नागिरी ओलांडताना करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागला की कोणाचं गाणं चालू राहतं ते बघावं. आणि तुझ्या बाबांचा पखवाज कुठल्या अ‍ॅपवर मिळणार आहे? तो या ३८ कॅसेटींतच आहे. दोन डिस्कवर ठेव, एक तुझ्याकडे, एक भावाकडे मुंबईला. घरातली डिस्क काम झाल्यावर प्लगमधून काढून ठेवायची, मृगाच्या विजा कशा पडतात ते तुला सांगायला नको.

नावं देवनागरीत लिही. जुन्या पद्धतीच्या टॅगमध्ये, म्हणजे फाईलच्या पोटातल्या नावाच्या पाटीत, तीसच अक्षरं मावतात आणि देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात. टॅग भरायच्या प्रोग्राममध्ये आयडी३ (एमपी३ च्या टॅगची पद्धत) ची २.३ आवृत्ती आणि अक्षरांसाठी यूटीएफ-१६ निवडलंस की सगळीकडे नीट दिसतं. कॅसेटच्या कागदावर बाबांच्या हाताने जे लिहिलंय त्याचा फोटो काढून त्याच फाईलला चिकटव. कागदावर बहुतेक बुवांचं नाव आणि साल असेल, झांजेवर कोण होतं ते नसेल. बाबांबरोबर बसून ऐक आणि ते सांगतील ते कॉमेंटच्या रकान्यात भर: कुठलं देऊळ, कोणाची बारी, मागे झांजेवर कोण, खोकतंय कोण.

पण दुकानाला फोन आधी, आजच. बाकीचं सावकाश केलंस तरी चालेल.